खिडकी उपटण्याआधी दाभण टोचून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरांच्या नूतनीकरणावर लेख आला होता. जुन्या लाकडी खिडक्या म्हणजे वाळवीला आमंत्रण, त्या सरसकट काढाव्यात, ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचेच्या खिडक्या बसवाव्यात आणि घर ‘उजळून’ घ्यावं, असा सल्ला त्यात होता. सोबतच्या फोटोत भलीमोठी काच, तिच्यातून आत आलेलं ऊन आणि त्या उन्हात शाल पांघरून चहा पिणाऱ्या एक बाई. त्या बाईंना मे महिन्यात आमच्या सोलापुरात, उत्तर कसब्यात, चार दिवस राहायला पाठवा, एवढीच विनंती. शाल आणू नका म्हणावं.

चेष्टा बाजूला ठेवते. त्या लेखानंतर आमच्या गल्लीत दोन घरांनी खिडक्यांचं कोटेशन मागवलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आमचं घर हिरेहब्बू वाड्यापासून फार लांब नाही. खाली दगड, वर पांढरी माती, दोन फुटी भिंती आणि डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. वरच्या खोलीत माझा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय चालतो. चटणीला उष्मा सोसत नाही. खोली तापली की दाण्याचं तेल लवकर खवट होतं आणि गिऱ्हाईक पिशवी परत आणून देतं. त्यामुळे खोली थंड राहणं ही माझी हौस नाही, धंद्याची गरज आहे. जुन्या वस्तूंचं मला विशेष कौतुक नाही, हेही सांगून टाकते. सासूबाईंचा तांब्याचा बंब मी केव्हाच मोडीत दिला.

खिडक्यांसाठी आमच्याकडेही एक ठेकेदार आला होता. त्याने टेप लावून नऊच्या नऊ खिडक्या मोजल्या, पण एकही उघडून पाहिली नाही. ‘वहिनी, सगळ्या एकदम काढल्या तर रेट कमी लावतो,’ म्हणाला. यातली खराब कुठली, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘आज ना उद्या सगळ्याच जाणार की वो.’ आज ना उद्या तर आपणही जाणार. म्हणून कुणी आजच तिरडी मागवत नाही. त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं.

मग सुतारमामांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून गोणी शिवायचं दाभण काढलं आणि प्रत्येक चौकटीच्या बुडाशी, भिंतीला लागून, टोचत गेले. लाकूड धड असेल तर दाभण नखभरही शिरत नाही. कुजलेलं असेल तर लोण्यात घातल्यासारखं आत जातं. वाळवीने आतून पोखरलं असेल तर वरचा रंग शाबूत दिसतो, पण बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. वाळवी बहुधा जमिनीतून भिंतीवर मातीच्या नळ्या करत वर चढते, म्हणून नुसतं लाकडाला औषध लावून भागत नाही. नळी कुठून निघाली ते शोधून तिथे बंदोबस्त करावा लागतो. मामांनी अर्ध्या तासात निकाल दिला. नऊपैकी पाच खिडक्यांना तेल, बिजागऱ्या आणि रंग खरवडणं याशिवाय काही नको. तिघींची बुडं कुजलीत, तेवढीच बदलायची. एक गेली.

गेलेली न्हाणीची होती. ती मी अजिबात हळहळ न करता बदलली. रोजची वाफ आणि साबणाचं पाणी लाकडाने किती दिवस सोसायचं? तिथे पट्ट्यांची काच आणि हवा ओढणारा पंखा बसवला, काम झालं. म्हणजे मी नव्याच्या विरोधात नाही. न पाहता सगळं उपटण्याच्या विरोधात आहे.

आता या खिडक्या करतात काय, ते बघा. आमच्या वरच्या खोलीच्या खिडकीला चार झडपा आहेत, दोन खाली, दोन वर, मध्ये आडवी पट्टी आणि आतल्या अंगाला लोखंडी गज. सकाळी दहाच्या सुमाराला उन्हाचा चटका सुरू झाला की चारही बंद. दुपारी फारच काळोख वाटला तर सावलीकडच्या खिडकीच्या वरच्या दोन उघडायच्या. छताखाली जमलेली गरम हवा तिथून निघते, उजेड येतो आणि रस्त्यावरचं कुणी आत डोकावत नाही. संध्याकाळी सगळ्या सताड उघडायच्या आणि गज असल्यामुळे रात्रभर तशाच ठेवायच्या. दिवसभर तापलेली जाड भिंत रात्रीच्या वाऱ्याने निवते आणि दुसऱ्या दुपारपर्यंत पुरते. सरकत्या दोन झडपांची खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते, कारण एक झडप दुसरीमागे जाऊन उभी राहते. पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्ध्या खिडकीचा.

उन्हाचं गणित तर सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, तरी लेखात दिशेचा उल्लेखच नव्हता म्हणून लिहिते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ आत येतच नाही, वीतभर छज्जाही पुरतो. घर तापवतात त्या पूर्वेच्या आणि त्याहून जास्त पश्चिमेच्या खिडक्या. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होऊन थेट खोलीत घुसतं, तिथे छज्जा काय करणार? तिथे ऊन काचेपर्यंत पोहोचायच्या आतच अडवावं लागतं आणि ते काम भरीव लाकडी झडप करते. काच लावून आतून पडदा सोडला तर ऊन आत येऊन पडद्याला तापवतं आणि पडदा खोलीला. ॲल्युमिनियममधून लाकडाच्या मानाने सुमारे हजारपट उष्णता वाहते हेही खरं, दुपारी त्या चौकटीला हात लावून बघा. पण न्यायाने बोलायचं तर चौकटीपेक्षा मोठी गुन्हेगार काच आहे, क्षेत्रफळ तिचंच जास्त. यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांचं कडक प्लास्टिक, ॲल्युमिनियमसारखं तापत नाही, हे मान्य. मात्र त्याचे कोपरे वितळवून जोडलेले असतात. कोपरा फुटला की आपला सुतार काही करू शकत नाही, कंपनीच्या माणसाची वाट बघायची.

दुरुस्तीकडे येते, कारण लोक घाबरतात ते तिथेच. तीन खिडक्यांच्या चौकटीची खालची आडवी पट्टी आणि दोन्ही उभ्यांची वीतभर बुडं कुजली होती. मामांनी झडपा उतरवल्या आणि चौकट भिंतीतून न काढता कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला. सरळ आडवा काप नाही, तिरका, बाहेरच्या बाजूला उतरता. त्यामुळे नव्या-जुन्या तुकड्याला एकमेकांवर बसायला लांब जागा मिळते आणि पावसाचं पाणी सांध्यात न मुरता बाहेर ओघळतं. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून गोंद लावायच्या आधी सांध्याची दोन्ही तोंडं थिनरने पुसली. मग गोंद आणि आरपार लाकडी खुंट्या. खालची नवी पट्टी कुसू घालून, म्हणजे लाकडाची जीभ खाचेत अडकवून, बसवली, तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि पुढच्या काठाखाली एक बारीक खाच मारली. पाणी त्या खाचेशी येऊन टपकतं, भिंतीकडे वळत नाही. जुन्या पट्टीला ही खाच होती, पण कधीतरी कुणीतरी ती रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती. कुजण्याला सुरुवात तिथूनच झाली, असं मामांचं मत.

लाकडाचा हिशोब करून बघितला. साडेतीन बाय अडीच फुटांच्या खिडकीची चौकट चार बाय अडीच इंची लाकडात नव्याने करायची तर बारा फूट लाकूड लागतं, म्हणजे सुमारे ०.८३ घनफूट, वर वाया जाणारं वेगळं. झडपांचं आणखी वेगळं. दुरुस्तीला मात्र खालची पट्टी आणि दोन बुडं मिळून चार-साडेचार फूट पुरलं, साधारण ०.३ घनफूट. मजुरी अर्थातच दुरुस्तीला जास्त जाते. मामांचा हात दिवसभर एका खिडकीत गुंतला. पण ती मजुरी गावातल्या माणसाच्या घरात जाते, याचा मला आनंदच आहे.

नवं लाकूड घेताना ‘साग आहे’ एवढ्यावर जाऊ नका. वाळवीला दाद देत नाही तो सागाचा गाभा. कडेचा पांढरट भाग वाळवी खुशाल खाते आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त निघतो. वखारीत तुकड्याचं टोक बघा, रंगातला फरक तिथे लगेच कळतो. दुसरं म्हणजे लाकूड किती वाळलंय. आपल्या कोरड्या हवेत बारा टक्क्यांच्या वर ओल असलेलं लाकूड बसवलं की पहिल्याच उन्हाळ्यात भेगा आणि पीळ. ओल मोजायचं छोटं यंत्र आता बऱ्याच जणांकडे असतं, लावून दाखव म्हणायला लाजू नये. मला विचाराल तर पाडलेल्या घराच्या तुळईचं लाकूड सर्वांत चांगलं. ते कधीच वाळून बसलेलं असतं. खिळे तेवढे आधी शोधून काढायचे, नाहीतर करवतीचे दात जातात. आणि आपल्याकडची सगळीच जुनी खिडकी सागाची असते, असंही नाही. साध्या घरांतून कडुलिंब आणि बाभूळ सर्रास वापरलेली आहे. आमच्या मागच्या बाजूच्या दोन खिडक्या लिंबाच्या आहेत आणि उत्तम आहेत. बाभळीला साधे लोखंडी स्क्रू मारले तर ओल लागताच भोवती काळे डाग पडतात, पितळी वापरावेत.

‘खिडकी वाकली, लागत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा लाकूड वाकलेलं नसतं. दर लग्नाला, दर दिवाळीला चढवलेले ऑइलपेंटचे थर कडांवर इतके जाड झालेले असतात की झडपेला चौकटीत जागाच उरत नाही. आमच्या पाच खिडक्यांचं दुखणं एवढंच होतं. पण इथे सावध करते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचे थर कोरड्या पॉलिश पेपरने घासले तर ती धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून ओलं घासावं, किंवा गरम हवेच्या यंत्राने रंग मऊ करून, फार न तापवता, पत्रीने खरवडून काढावा. तोंडाला धुळीचा मास्क हवा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे पाठवावं आणि खरवड गोळा करून बंद पिशवीत भरावी. परसात झाडाच्या बुंध्याशी टाकू नये.

रंग उतरल्यावर मी पुन्हा ऑइलपेंट दिला नाही. बेल तेलात, म्हणजे जवसाच्या तेलात, थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ हात दिले. एक हात द्यायचा, मुरू द्यायचा, वर उरलेलं फडक्याने पुसून काढायचं आणि पुरतं वाळल्यावरच दुसरा. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि आपली सोलापुरी धूळ त्यावर कायमची बसते. पश्चिमेच्या खिडक्यांना दर वर्षी एक हात लागतो, बाकीच्यांना कमी. एक गोष्ट मात्र डब्यावर ठळक लिहायला हवी : या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात ठेवू नका. तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गवंड्याचं काम या सगळ्यात दुय्यम धरलं जातं, ते तसं नाही. मातीच्या भिंतीत चौकटीभोवती सिमेंट ठासलं की पाणी लाकडाशीच अडून राहतं. मातीची आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती सोडू देत नाही. आम्ही फटी चुना-वाळूने भरून घेतल्या. गवंडी कुरकुरला, पण केलं. याहून मोठा धोका चौकट उपटण्यात आहे. जुन्या घरात खिडकीवर काँक्रीटचा लिंटल नसतो, लाकडी फळ्या असतात, आणि वर्षानुवर्षांत वरच्या भिंतीचा भार त्या फळ्यांबरोबर चौकटीवरही उतरलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका घरात चौकट धक्के मारून काढली, खाली टेकू दिला नव्हता. फळी खचली आणि माळवदाच्या मातीसकट भिंतीचा तुकडा खाली आला. माणूस वाचलं, नशीब. पावसाळ्याआधी धोकादायक घरांना नोटिसा लागतात, तेव्हा घाबरून लोक असलीच कामं घाईने काढतात. टेकू लावल्याशिवाय आणि जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चौकटीला हात लावू देऊ नये.

डासांचा मुद्दा खरा आहे. डासांच्या दिवसांत रात्री नुसत्या उघड्या झडपा ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. झडपा बाहेर उघडणाऱ्या असल्यामुळे आम्ही आतून पातळ लाकडी चौकटीवर स्टीलची जाळी ताणून बिजागरीवर बसवली. धुवायची असली की दोन खिळ्या काढून खाली घेता येते. रस्त्याच्या खिडकीला वरच्या दोन झडपांत भरीव फळीऐवजी काच घालून घेतली, कारण नात तिथे अभ्यासाला बसते. मामा म्हणाले, ‘ताई, ही तुमची खिडकी अर्धी जुनी, अर्धी नवी झाली बघा.’ झाली तर झाली.

महापालिकेच्या इंद्रभुवनची दुरुस्ती झाली तेव्हा सगळ्या शहराने कौतुकाने फोटो काढले. वारदांनी बांधलेल्या त्या देखण्या इमारतीचं भाग्य सगळ्यांना लाभणार नाही, हे कळतं. पण बाळीवेस, टिळक चौक, दोन्ही कसबे इथली साधी घरं दर वर्षी उतरवली जातात आणि त्यांच्या खिडक्यांचा सौदा घरमालकाला कळायच्या आत होऊन जातो. आमच्या गल्लीतली एक नक्षीची जोडखिडकी अशीच गेली. आता ती कुठल्यातरी हॉटेलात भिंतीवर आरसा लावून टांगली असेल. तेच लाकूड शेजारच्या तीन घरांच्या बुडांना पुरलं असतं.

सुतारांचं म्हणाल तर, जुनं काम जाणणारे मामांच्या वयाचे उरलेत आणि त्यांची मुलं प्लायवूडच्या मॉड्युलर किचनमध्ये आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? दुरुस्तीला गिऱ्हाईकच येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत, त्यात सुतार आहेत. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. आपल्या शहरात हे प्रशिक्षण घेणाऱ्यांना नव्या फर्निचरबरोबर जुन्या चौकटीला जोड कसा द्यायचा, हे दोन दिवस शिकवलं तर कसब्यातच वर्षभराचं काम पडलेलं आहे. आणि आपल्या पुरवणीत दर रविवारी सरकत्या खिडक्यांच्या अर्ध्या पानाच्या जाहिराती असतात, तिथेच कोपऱ्यात दुरुस्ती करणाऱ्या सुतार-गवंड्यांची चार ओळींची यादी छापायला काय हरकत आहे? मामांचा नंबर मी आपल्या कार्यालयात देऊन ठेवते, त्यांना विचारलेलं आहे.

ज्यांना हे काम काढायचंय त्यांनी वेळ मात्र सांभाळावी. पावसाळ्यात झडप फुगते, घट्ट बसते म्हणून लोक तिच्या कडा रंध्याने तासून घेतात आणि मे महिन्यात तिथूनच उन्हाची तिरीप आत येते. मे महिन्यात घट्ट बसवून घेतली तर ती आषाढात अडते. दिवाळीनंतर लाकूड मधल्या अवस्थेत असतं, तेव्हा चौकट आणि झडप यांच्यात नाण्याच्या जाडीइतकी फट ठेवून बसवावी. सुतारही तेव्हा मोकळे असतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू झाली की आमच्या भागात लाकडाची हातगाडीसुद्धा आत येत नाही, त्याच्या आधी उरकून घ्या.

आपली,
एक वाचक
उत्तर कसबा, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)